पाकिटाचे यंत्र आणि जनीचे जाते

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत पापड, खाकरा किंवा चिक्की करणाऱ्या एखाद्या बचत गटाचे काम वाढू लागले, की त्याच्यापुढे पॅकिंगच्या यंत्राचा प्रश्न येतोच. हाताने दाबायचा सीलर पुरे, की पट्ट्यावरून पाकीट सरकत जाऊन बंद होते तो बॅण्ड सीलर घ्यावा, की रोलमधून फिल्म ओढून मिनिटाला शंभराच्या वर पुड्या बांधणारे फ्लो-रॅप यंत्रच आणावे? कोटेशने मागवली जातात, विजेचा भार विचारला जातो, कर्जाचा हप्ता काढला जातो. हा हिशेब करायलाच हवा. पण आणखी एक प्रश्न असतो आणि तो कोटेशनच्या कागदावर कुठेही छापलेला नसतो. हे यंत्र कोणाचे कष्ट घेईल आणि कोणाचा घास घेईल? या प्रश्नाला मी धर्माचा प्रश्न म्हणतो. पूजाअर्चा, व्रतवैकल्ये असा अर्थ मला इथे अभिप्रेत नाही. आपल्या करणीने दुसऱ्याच्या जगण्यावर जो परिणाम होतो त्याची जबाबदारी ओळखणे आणि ती आधीच पत्करणे, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. यंत्र आणल्यावर पश्चात्ताप करता येतो, पण फेडायचा हप्ता थांबत नाही आणि गेलेले काम सहसा परत येत नाही. म्हणून हा विचार खरेदीच्या आधीच व्हायला हवा.

पाकीट बंद करणे हे उत्पादनाचे शेवटचे पाऊल आहे, त्यात माणसाच्या जगण्यावर परिणाम होण्यासारखे काय आहे, असे वरवर वाटते. खरे स्वरूप यंत्र कसे चालते ते पाहिल्यावर कळते. हाताच्या सीलरमध्ये एक तापणारी तार असते आणि तिच्यावर टेफ्लॉनची पट्टी. पाकिटाचे तोंड त्यावर धरून दाबले की प्लास्टिक चिकटते. लाटताना पापडाला लावलेली पिठी पाकिटाच्या तोंडाशी राहिली तर जोड कच्चा राहतो, हवा शिरते, दमटपणाने पापड बुरसटतो. म्हणून पॅकिंगला बसलेली बाई चळत आत सरकवल्यावर पाकिटाचे तोंड फडक्याने पुसून घेते. एखादा पापड किंचित वाकडा असेल, एखाद्याची कड जाड असेल, तर तिचा हात ते सांभाळून घेतो. बॅण्ड सीलरवरही पाकीट भरते बाईच. यंत्र फक्त तोंड बंद करते. फ्लो-रॅपचे मात्र तसे नाही. त्यात साखळीवरचे दांडे माल पुढे ढकलतात, फिल्म मालाभोवती नळीसारखी गुंडाळली जाते, खालून लांब जोड बसतो आणि पुढचे जबडे ठरलेल्या अंतरावर आडवा जोड देऊन पुडी कापतात. हे सगळे सुरळीत चालायचे तर प्रत्येक नग एकाच मापाचा, एकाच जाडीचा आणि सपाट हवा. साच्यातून निघालेला साबण, बिस्कीट, कापलेली चिक्की असली तर अडचण येत नाही. हाताने लाटलेला पापड मात्र उन्हात वाळताना कडेने वळतो. असा माल साखळीत अडकतो, जबड्यांखाली येऊन फुटतो आणि सगळी ओळ थांबते. मग पुरवठादार सांगतो की पापडही यंत्रावर लाटून, साच्याने कापून घ्या. म्हणजे यंत्र घेतले पाकिटासाठी आणि बदलावे लागले लाटणे. शेवटच्या पावलावरचे यंत्र आपली अट मागे मागे पाठवत पहिल्या पावलापर्यंत पोहोचते. पंधरावीस बायकांच्या लाटण्याचा निर्णय अशा वेळी कुणी उघडपणे घेतलेला नसतो. तो पॅकिंगच्या यंत्राबरोबर आपोआप घरात येतो. नैतिकदृष्ट्या सर्वांत धोक्याचे निर्णय असेच असतात, घेतले जातात पण घेतल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

या कोड्यासाठी मराठी मुलखात घडलेला एक विचार फार उपयोगी आहे. पेणजवळच्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी यंत्रांचे तीन प्रकार मानले होते: वेळ वाचवणारी, संहार करणारी आणि उत्पादन करणारी. पहिली हवीत, दुसरी नकोत. तिसऱ्या प्रकारात त्यांनी पुन्हा दोन भाग केले, पूरक आणि मारक. माणसाच्या श्रमाला जोड देते ते पूरक. माणसाला कामावरून उठवते आणि त्याच्या हाती दुसरे काही देत नाही ते मारक. या विभागणीतले मर्म असे, की पूरकपणा किंवा मारकपणा यंत्राच्या लोखंडात नसतो. एकच यंत्र एका देशात पूरक असेल आणि दुसऱ्या देशात मारक. आज मारक असेल आणि परिस्थिती पालटल्यावर पूरक होईल. जिथे पापड लाटायला माणूस मिळत नाही तिथे लाटण्याचे यंत्र पूरकच आहे. जिथे लाटण्याच्या मजुरीवर मुलांच्या शाळेची फी भरली जाते तिथे तेच यंत्र मारक ठरते. गांधीजींचे यंत्राविषयीचे मतही पुष्कळांना वाटते तितके एकेरी नव्हते. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मधली त्यांची टीका कडक आहे, पण १९२४ साली त्यांनी स्पष्ट केले की आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, आणि शिवणयंत्राचा त्यांनी उघड अपवाद केला. पुढे १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. चरखा हेही यंत्रच आहे. तेव्हा यंत्र हवे की नको हा वाद निष्फळ आहे. कोणते यंत्र, कुठे आणि कोणासाठी, हाच विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

इथे पहिला आणि सर्वांत भारी आक्षेप येतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा परामर्श घेताना त्यांनी बजावले, की माणसाला पशूसारख्या जिण्यातून सोडवायचे, त्याला फुरसत द्यायची आणि सुसंस्कृत जीवन त्याच्या आवाक्यात आणायचे तर यंत्राला पर्याय नाही. हाताच्या कामाचे गोडवे बहुतेक वेळा ते काम न करणाऱ्यांनीच गायले आहेत. पाटावर वाकून दिवसभर पापड लाटणाऱ्या बाईची पाठ आणि मनगटे काय सोसतात हे त्या गोडव्यात येत नाही. घरी बसून केलेले काम घरकामात मिसळून जाते. त्याचे तास कुणी मोजत नाही, त्याला सुट्टी नसते. नारायण मेघाजी लोखंड्यांना गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मिळवायला १८८४ पासून १८९० पर्यंत झगडावे लागले; घरी बसून काम करणाऱ्या बाईचा तो झगडा अजून संपलेला नाही. हा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. हात पवित्र आणि यंत्र अपवित्र असे मानणारा धर्मविचार टिकणार नाही, आणि तो का टिकणार नाही याचा पुरावा हेंद्रेपाड्याहून लोकलने एका स्टेशनावर आहे.

१९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा, कारखाना अंबरनाथला होता. कारखाना बंद झाला, तरी विम्को नाका हे नाव गावात राहिले आहे. तिथे काड्या आणि पेट्या यंत्रावर तयार होत. काडेपेटी ही लहान, चपटी, स्वस्त वस्तू. देशाच्या दुसऱ्या टोकाला, तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या परिसरात, त्याच पेट्या हाताने भरल्या जात. हाताने बनणाऱ्या काड्यांना रोजगार टिकावा म्हणून सरकारने दीर्घकाळ अबकारी करात सवलत दिली आणि हळूहळू बाजाराचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला. हेतू चांगलाच होता. पण ज्या हातांनी त्या पेट्या भरल्या त्यांत कितीतरी हात लहान मुलांचे होते. सर्वोच्च न्यायालयाला १९९६ च्या डिसेंबरमध्ये एम. सी. मेहता खटल्याच्या निकालात शिवकाशीच्या बालमजुरीची दखल घेऊन, मूल कामाला ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये कल्याण निधीत भरावेत असा आदेश द्यावा लागला. अंबरनाथच्या यंत्राने पेटी भरली तेव्हा ती भरायला मूल बसले नाही. शिवकाशीत हाताने भरली तेव्हा बसले. हाताचे काम म्हणून ते आपोआप धर्माचे होत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही. मात्र बाबासाहेबांचा युक्तिवाद इथे संपत नाही. यंत्राचा लाभ सगळ्यांना मिळाला नसेल तर दोष यंत्राला देऊ नका, समाजाची रचना बदला, असे त्यांनी पुढे म्हटले होते. दुष्परिणाम यंत्रातून येत नाहीत. ते यंत्र आणि त्याचा नफा मोजक्यांच्या मालकीचा असतो त्यातून येतात. विनोबा आणि बाबासाहेब एकमेकांपासून कितीही दूर उभे असले तरी दोघांच्या मांडणीतून एकच कसोटी निघते. यंत्राने वाचवलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडतो, ते पाहा.

आपल्या धर्मपरंपरेत या कसोटीला आधार आहे का? आहे, आणि तो भक्कम आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा अर्थ परस्परांना पोसणारे कर्मचक्र असा येतो, आणि जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो असे सांगितले आहे. त्याच अध्यायात लोकसंग्रह येतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी या कल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले: ज्ञानी माणसानेही समाजाची घडी राहावी म्हणून कर्म करत राहायचे. यंत्र विकत घेणे हे कर्म आहे. ते गटाच्या नफ्यापुरते पाहिले तर तो व्यवहार. त्या यंत्राशी जोडलेल्या सगळ्यांच्या पोटापाण्याचा विचार करून पाहिले तर तो लोकसंग्रह. वारकरी परंपरेने हेच आणखी जवळ आणले. सावता माळी मळ्यात, गोरा कुंभार चिखलात, जनाबाई जात्यावर, अशी त्या परंपरेची माणसे कामातच देव पाहणारी आहेत. पण जनीच्या कथेतला एक तपशील आपण नीट पाहत नाही. जनी नामदेवांच्या घरची दासी. तिचे दळण जड होते. दळणातच देव आहे असे सांगून विठ्ठल दूर राहिला नाही. तो आला आणि तिच्याबरोबर दळायला बसला. कष्टाचा भार हलका करावा, ही भक्तीचीच मागणी होती आणि देवाने ती पुरवली. पण देवाने जनीला जात्यावरून उठवले नाही. तुझे काम संपले, आता मी एकटा दळतो, असे तो म्हणाला नाही. त्याने दुसऱ्या बाजूने खुंटा धरला. पूरक यंत्राचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही: ते भार उचलते आणि जागा मात्र सोडायला लावत नाही.

ही कसोटी निव्वळ पुराणातली नाही, बाजारातही ती टिकली आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड करायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. १९६६ साली तिला खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली आणि आज सुमारे ४५ हजार बहिणी तिच्यात काम करतात. तिच्या पहिल्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या संस्थेने यंत्राला दाराबाहेर ठेवलेले नाही. पीठ आणि मसाल्याचे तिचे स्वतःचे विभाग आहेत. लाटणे मात्र हातानेच राहिले. शाखेत पीठ मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देतात, तपासून वजनावर मजुरी घेतात, आणि शाखेतच पाकिटे भरली जातात. म्हणजे रेषा कुठे आखायची ते ठरवून ती आखली आहे: जड आणि जिकिरीचे काम यंत्राकडे, ज्यावर मजुरी मिळते ते कौशल्याचे काम हाताकडे. त्याहून महत्त्वाचे हे, की ही रेषा लाटणाऱ्यांच्याच संस्थेने आखली आहे. इथे काम करणारी प्रत्येक बहीण सभासद आहे आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. उद्या बहिणींनीच विचार करून लाटण्याचे यंत्र आणायचे ठरवले, तर माझ्या कसोटीप्रमाणे तोही धर्माचा निर्णय होईल, कारण वाचलेले कष्ट आणि आलेला पैसा त्यांच्याच घरी जाईल. मग मर्म हातात नाही आणि यंत्रातही नाही. ज्यांचे काम बदलणार त्यांना निर्णयात वाटा आहे का आणि फळात वाटा आहे का, यात आहे.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. यंत्रावर बांधलेला माल हात न लागलेला असतो, म्हणून तो शुद्ध, असे म्हटले जाते आणि पाकिटावर अभिमानाने छापलेही जाते. अन्नसुरक्षेत तडजोड नको, हे उघड आहे. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक, खरी तारीख आणि खरे वजन असणे ही ग्राहकाशी असलेली सत्याची बांधिलकी आहे आणि कुठल्याही धर्मविचारात ती पहिली येते. पण पापड बिघडतो तो दूषित पाण्याने, अपुऱ्या वाळवणीने, कच्च्या जोडातून शिरलेल्या दमटपणाने आणि अस्वच्छ हाताने. धुतलेल्या, हातमोजा घातलेल्या हाताने नव्हे. म्हणून स्वच्छतेसाठी यंत्र घ्यायचे असेल तर ते पक्का जोड देणारे हवे, आणि साधा, नीट तापमान ठेवणारा बॅण्ड सीलरही तो देतो. ‘हात न लागलेले’ या शब्दांचे आकर्षण मात्र स्वच्छतेपलीकडेही जाते. ज्या समाजात माणसाच्या स्पर्शानेच अन्न आणि पाणी विटाळते असे शतकानुशतके मानले गेले आणि त्याविरुद्ध १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले, तिथे हा गौरव सावधपणे तपासायला हवा. जंतूंची भीती रास्त आहे. करणाऱ्याच्या हाताची शिसारी रास्त नाही. यंत्र घेताना आपण यांतल्या कोणत्या गोष्टीसाठी पैसे मोजतो आहोत, हे स्वतःशी स्पष्ट असावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो टाळता येणार नाही. लिज्जतकडे साठहून अधिक वर्षांचे नाव आहे. हेंद्रेपाड्यातल्या गटाकडे ते नाही. मोठी कंपनी यंत्राने स्वस्त माल काढते, दुकानदार आकर्षक पाकीट मागतो, आणि जो गट मागे राहील तो बुडेल; मग धर्मविचार कोणाच्या कामाचा? याला माझे उत्तर असे, की जगणे हीसुद्धा धर्माचीच अट आहे, आणि गट बुडवणारे शुद्धत्व मी मागत नाही. पण स्पर्धेच्या नावाखाली जे यंत्र खपवले जाते ते बहुधा गटाच्या गरजेपेक्षा मोठे असते. हाताचा सीलर काही हजारांत येतो, फ्लो-रॅप काही लाखांत. लाखांचे यंत्र रोज काही तासच चालले तर प्रत्येक पुडीवर बसणारा त्याचा बोजा हाताच्या मजुरीहून जड होतो, आणि तो भरून काढायला गट लाटणाऱ्यांची मजुरीच कापू लागतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. यंत्र महाग तसे अनुदान मोठे, त्यामुळे नकळत मोठ्या यंत्राकडे ओढा लागतो. त्याच योजनेत गटाच्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि सामायिक सुविधांना मदत आहे, ती वाट बऱ्याचदा अधिक शहाणपणाची. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. १९४९ नंतर निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबांनी पापडाचे काम घराघरांत रुजवले. अशा पट्ट्यात चार-पाच गटांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे, आपापला वार ठरवावा आणि लाटणे आपापल्या घरी ठेवावे, हे अशक्य नाही. एकमेकांशी स्पर्धा करून पाच यंत्रे घेण्यापेक्षा एकत्र येऊन एक घेणे, हा लोकसंग्रहाचा आजच्या भाषेतला अर्थ आहे.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. लहान, चपट्या मालाच्या पॅकिंगसाठी यंत्र निवडताना वेग हा शेवटचा निकष असावा. त्याआधी हे पाहावे की यंत्र हाताच्या मालाला सामावून घेते की हाताला हटवायची अट घालते. वाचलेला वेळ आणि पैसा काम करणाऱ्यांकडे येतो की यंत्राच्या हप्त्याकडे. आणि मुलाला किंवा दुबळ्याला राबवावे लागेल असे काही त्यात नाही ना. जे यंत्र या पाहणीत उतरेल ते निःसंकोच घ्यावे, त्याची पूजा करून घ्यावे. कष्ट कमी करणे यात कमीपणा नाही. जे उतरणार नाही ते स्वस्त असले, अनुदानित असले, शेजारच्या गटाने घेतलेले असले तरी नाकारावे. आणि बचत गटांच्या अध्यक्ष, सचिव ताईंना एक विनंती. कोटेशनवर सही करण्याच्या बैठकीत पापड लाटणाऱ्या सगळ्या जणींना बोलवा, पुरवठादाराला यंत्र त्यांच्यासमोर चालवून दाखवायला सांगा, त्यांनी घरी लाटलेलाच पापड त्यात घालायला लावा, आणि मग त्यांचे मत आधी घ्या.